तहसीलच्या अंगणातली खुर्ची

कडूबाला वाचायला फारसं येत नव्हतं. सही करायचा, बसवरची पाटी ओळखायचा, तेवढंच. पण तालुक्यातला कोणता माणूस कोणाच्या उजवीकडं बसतो आणि कोणाच्या शेजारी मेला तरी बसत नाही, हे त्याच्याइतकं कलेक्टरलाही ठाऊक नसेल. तहसील कचेरीत तो बावीस वर्षं चपराशी होता. झेंडावंदन असो, मंत्र्याचा दौरा असो की टंचाईची बैठक, खुर्च्या मांडायच्या त्या कडूबानंच. हातांची खुर्ची कोणाला, बिनहाताची कोणाला, बाकावर कोण आणि दाराशी उभं कोण, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

कोणती तहसील ते सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातली होती एवढं पुरे. त्या गावातली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्यांची मुलं राजकारणात आहेत.

एकदा तहसीलदारांच्या हाताखाली आलेल्या नव्या नायबसाहेबांनी स्वतःच्या अकलेनं खुर्च्या मांडल्या. झालं असं, की माजी आमदार उत्तमरावांची खुर्ची पंचायत समितीचे सभापती नारायणराव यांच्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच निघाली. नारायणराव चहाचा कप तसाच ठेवून तरातरा निघून गेले. हे दोघं म्हणजे एका म्यानात न राहणाऱ्या दोन तलवारी, हे शेंबडं पोरही सांगेल. नायबसाहेब लांबचे, त्यांना काय कळणार? तेव्हापासून खुर्च्यांना कडूबाशिवाय कुणी हात लावत नसे आणि कडूबालाही त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, चांगली घमेंडच होती म्हणा ना.

नोकरी मात्र त्याला खुर्च्यांमुळं नाही, आवाजामुळं लागली होती. मूळचा तो लोणारकडचा. घरची दीड एकर कोरडवाहू आणि खाणारी तोंडं नऊ. बांधाच्या तंट्यात बापाची तारीख होती म्हणून विशीतला कडूबा बापासोबत तहसीलीत आला. त्या दिवशी पुकारा करणारा चपराशी तापानं पडलेला. साहेब वैतागून म्हणाले, कुणीतरी नाव पुकारा रे. कडूबानं पुढं होऊन बापाचंच नाव पुकारलं, रीतीप्रमाणं तीन वेळा, ‘हाजिर हो’ म्हणून. बाहेर बाजारात बांधलेले बैल कान टवकारून उभे राहिले म्हणतात. बाप शेजारीच होता, तो दचकून दोन पावलं मागं सरला. तंट्याचा निकाल लागायला पुढं अकरा वर्षं गेली, पण पोरगा महिन्याभरात पट्टा आणि पितळी बिल्ला लावून दारावर उभा राहिला.

सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरात राज्यभरचे सरकारी नोकर संपावर गेले. केंद्राच्या नोकरांना जो महागाई भत्ता मिळतो तो आम्हालाही द्या, एवढंच मागणं. तालुक्यातले कारकून, मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाया, रस्त्यावरचे मजूर, झाडून सगळे बाहेर पडले. कोतवालांनीही कचेरीकडं फिरकायचं सोडलं. संघटनेचा चिटणीस होता चिंतामण नावाचा कारकून. हडकुळा, जाड चष्म्याचा, कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. संपाच्या आदल्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा झाली. तिथंही कडूबा सवयीनं चहा वाटत फिरत होता. चिंतामण बोलता बोलता म्हणाला, “कारकून टिकतील, मास्तर टिकतील. चपराश्यांचं काही सांगता येत नाही. साहेबांनी हाक मारली की ते जी म्हणून पळतील.”

लोक हसले. कडूबानं किटली खाली ठेवली. ते शब्द त्याला फार लागले. मागच्या रांगेत तहसीलचे आणखी सहा चपराशी बसले होते, त्यांच्या माना खाली गेलेल्या त्यानं पाहिल्या. घरी जाऊन त्यानं बायकोला, रुखमाबाईला सांगितलं, “संप मिटेपर्यंत मी त्या पायऱ्या चढत नाई. चपराशी पयले फुटले असं कोनाले म्हनू देत नाई.”

“नका चढू,” रुखमाबाई म्हणाली. “पन घरी बसून मले हुकूम नका सोडू. मी कापूस येचाले जाते, तुमी मांडवात जा.”

मांडव तहसीलच्या अंगणातच पडला होता, कडुलिंबाखाली. चार बल्ल्या, वर कापड, खाली भजनी मंडळाकडून आणलेली लांबलचक सतरंजी. समोर तीस पावलांवर कचेरीच्या पायऱ्या. तिथं बसून कडूबा घोषणा द्यायचा आणि त्या ऐकायला बाजारातली माणसं थांबायची. कारण त्याला घोषणा येतच नव्हती, त्याला पुकारा येत होता. तो उठायचा, छातीवर हात ठेवायचा आणि गरजायचा, “केंद्राचा महागाई भत्ता हाजिर हो.” तीन वेळा. मग सगळीकडं शांत. मग तोच तोंड पाडून सांगायचा, “पक्षकार गैरहजर. पुढची तारीख उद्याची.” हसून हसून नर्सबायांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

कचेरीत तहसीलदार साहेब, नायबसाहेब आणि तिजोरीच्या कुलपावरचा एक पोलीस, एवढेच तिघं उरले होते. साहेब तरुण, पुण्याकडचे, इथली बोली ऐकून ओठ मुडपणारे. माणूस वाईट नव्हता, पण अडचणीत होता. रोज संध्याकाळी जिल्ह्याहून फोन यायचा, आज किती हजर? लाइन इतकी खराब की उत्तर ओरडून द्यावं लागे आणि नायबसाहेबांचं ते “शून्य, साहेब, शून्य” थेट कडुलिंबापर्यंत ऐकू येई. ते ऐकलं की मांडवात टाळ्या पडत. शेजारच्या तालुक्यात दोन कारकून रुजू झाल्याची बातमी होती. आपल्याकडं सोळा दिवस शून्य. कडूबाला त्या शून्याचं फार कौतुक. आपल्या घरात काहीतरी नवीन वस्तू आल्यासारखं तो त्याबद्दल बोलायचा.

सतरावा दिवस बाजाराचा होता. सकाळीच बातमी आली की पुढारी येणार. निवडणूक दोन महिन्यांवर आलेली, त्यामुळं पुढाऱ्यांना कामगारांची माया दाटून आली होती. उत्तमराव मागच्या खेपेला पडले होते, त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं. नारायणरावांनाही तीच जागा हवी होती. दोघांनीही चिंतामणला निरोप धाडला, मी येतो, संपाला माझा पाठिंबा आहे, संपकऱ्यांत येऊन बसतो. वेळ दोघांनीही एकच दिली, साडेअकरा. चिंतामण आनंदानं इतका हुरळला की ही वेळ एक आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि काय गर्दी लोटली म्हणता. बाजार अर्धा ओस पडला. कापसाच्या गाड्या सोडून गाडीवान आले, भाजीवाल्या टोपल्यांसकट आल्या, खामगावचा एक वार्ताहर वही घेऊन आला. कडुलिंबावरही माणसं चढली. रुखमाबाई वेचणीचा खाडा करून, भाकर बांधलेलं फडकं घेऊन एका बाजूला उभी होती. कडूबाला तर जागेवर चैन पडेना. त्याचा आवाज आज असा लागला होता की चिंतामणनं त्याला दोनदा थोपवलं, अरे, थोडा संध्याकाळसाठी ठेव.

साडेअकराला धुरळा उडवत उत्तमरावांची जीप पूर्वेच्या फाटकातून आत आली. त्याच वेळी पश्चिमेच्या फाटकातून हलगी वाजवत नारायणराव पायी आले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांचंही हसू गोठलं. पण पाचशे माणसं पाहत होती, मागं फिरायची सोय नव्हती. दोघंही मांडवाशी पोचले, गळ्यात हार पडले, हार काढून झाले, आणि मग सगळं अडलं.

अडलं म्हणजे काय, तर मांडवात खुर्चीच नव्हती. सोळा दिवसांत लागलीच नव्हती. चिंतामण ‘बसा ना, बसा ना’ म्हणत हात चोळत होता, पण कुठं बसा ते सांगत नव्हता. उत्तमराव काठीवर भार देऊन उभे. नारायणराव, ते बसल्याशिवाय मी कसा बसू आणि मी बसल्याशिवाय ते कसे बसतील, या विचारात उभे. घोषणा थांबल्या.

कडूबानं ते पाहिलं. पुढारी उभे. उभ्या पिकात जनावर शिरलेलं दिसावं तसा तो उठला. हातांच्या खुर्च्या कचेरीत दोनच. एक साहेबांची, सागवानी, वेताच्या बैठकीची. दुसरी नायबसाहेबांची, ती एका पायानं लंगडी, पण कागदाची घडी खाली घातली की उंची बरोबर जमते. सागवानी उत्तमरावांना द्यावी की नारायणरावांना? उत्तमराव वयानं थोरले. पण नारायणराव सध्या सभापती. एवढा विचार होईतो तो तीस पावलं चालून, तीन पायऱ्या चढून आत पोचलासुद्धा होता. संप, मांडव, चिंतामणचे शब्द, बायकोला दिलेलं वचन, काही म्हणता काही त्याच्या डोक्यात नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

साहेब खिडकीशी उभं राहून गर्दी पाहत होते. खुर्ची मोकळी होती. कडूबानं ती उचलायला हात घातला तेवढ्यात साहेब वळले.

“कडूबा?”

“जी.”

साहेबांना क्षणभर खरं वाटेना. मग त्यांचा चेहरा उजळला. “आलास? बरं झालं. पाणी दे रे आधी.”

कडूबानं खुर्ची सोडली, माठातून तांब्या भरला, पेला विसळून भरून ठेवला. टेबलावर सतरा दिवसांची धूळ होती, ती खांद्यावरच्या पंच्यानं पुसली. फायली नीट लावल्या. हात आपले चालतच होते. साहेब पाणी प्यायले आणि हळूच नायबसाहेबांना म्हणाले, “बारा वाजायला पाच मिनिटं. लिहा, एक चपराशी कामावर रुजू. आणि संध्याकाळची वाट पाहू नका, जिल्ह्याला आत्ताच कॉल लावा.”

रुजू हा शब्द कानावर पडला आणि कडूबाच्या पाचावर धारण बसली. त्यानं हातातल्या पंच्याकडं पाहिलं, पुसलेल्या टेबलाकडं पाहिलं. “साहेब, मी ते... मी खुर्ची न्याले आलतो. पुढारी उभे हायेत.”

“मग ने ना.” साहेब हसले. “माझी ने. माझा हुकूम आहे असं समज. त्यांना बसव आणि मग परत आणून ठेव.”

घाबरला की माणूस जे करायला आलेला असतो तेच करतो. त्यानं खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि तो बाहेर पडला. अर्ध्या अंगणात आला आणि मागून व्हरांड्यातून साहेबांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“मंडळी, तुमचा कडूबा कामावर आलाय. त्यानं मला पाणी दिलं, टेबल पुसलं. आता सरकारच्या हुकमानं तुमच्या पाहुण्यांना खुर्ची आणतोय. बाकीच्यांनीही या, मी कुणावर राग धरणार नाही.”

चिंतामणनं चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिला. मागून कुणीतरी बोललं, “चपराशी फुटला बे.” वार्ताहर वहीत लिहू लागला. आणि सतरंजीच्या टोकाला बसलेल्या सहा चपराश्यांनी माना खाली घातल्या, त्या दिवशी शाळेच्या पडवीत घातल्या होत्या तशाच. कडूबानं तेवढंच पाहिलं. त्याला वाटलं, धरणीमायनं आता पोटात घ्यावं.

त्यानं खुर्ची डोक्यावरून उतरवून तिथंच जमिनीवर ठेवली, अंगणाच्या मधोमध.

“काऊन गेल्ते तुमी आत?” रुखमाबाईनं कडुलिंबाखालून विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

चिंतामण पुढं आला. “कडूबा, साहेब म्हणतात ते खरं आहे का? पाणी दिलंस?”

खोटं बोलला असता तर निभावलं असतं. आत पाहायला कोण गेलं होतं? पण खोटं बोलायची त्याची सवय नव्हती. “हाव, देल्लं.”

“टेबल?”

“पुसला. फायलीबी लावल्या.” कुणीतरी फिसकन हसलं. कडूबा चिंतामणकडं वळला. “पुढारी उभे दिसले, मले राह्यवलं नाई. खुर्ची याद राह्यली, संप याद नाई राह्यला. बावीस वर्सं झाले, भाऊ. साहेबानं पानी म्हनलं का हात आपोआप जाते. त्याच्यात माह्या मनाचं काईच नोतं.”

व्हरांड्यातून साहेब म्हणाले, “कडूबा, पाहुणे ताटकळलेत. बसव लवकर.”

उत्तमराव खरोखरच ताटकळले होते. मागच्या प्रचारात जीपमधून पडून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता, तो मुडपत नव्हता. खुर्ची दिसली तशी ते काठी टेकत पुढं आले आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. नारायणराव लगेच म्हणाले, “एकच आनली का बे?”

आणि तेव्हा कडूबानं ते केलं जे बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि उत्तमरावांना, एका पुढाऱ्याला, अडवलं.

“थांबा भाऊसाहेब. बसू नका.”

“काऊन?”

“खुर्ची साहेबाच्या हुकमानं आली, असं साहेब म्हनून राह्यले. तुमी हिच्यात बसले तं मी कामावर हावो. मंग या साही जनाईले लोक आयुष्यभर तोंडावर मारतीन का चपराशी पयले फुटले. तुमी खाली सतरंजीवर बसले तं मी संपावर हावो. आता माह्यं काय ते तुमच्या बसन्यावर हाये.”

असं सरळ बोलणं उत्तमरावांनी बहुधा जन्मात ऐकलं नसावं. खुर्चीवरचा हात त्यांनी काढला नाही, पण बसलेही नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, “अरे, माहा गुडघा मुडपत नाई. खाली बसलो तं उठता येत नाई मले.”

“मी धरतो ना, भाऊसाहेब.”

इकडं नारायणरावांचं डोकं भराभर चाललं होतं. ते पक्के राजकारणी. खुर्ची एक, ती थोरल्याला जाणार, आपण उभं राहणार, आणि वार्ताहर लिहिणार. त्यापेक्षा आधी खाली बसलं तर? त्यांनी वहाणा काढल्या, धोतर सावरलं आणि सहा चपराश्यांच्या मधोमध सतरंजीवर फतकल मारली. “बसलो पाहा मी,” ते मोठ्यानं म्हणाले. “संपकऱ्यायत येऊन बसतो म्हनलं होतं, बसलो.”

मांडव टाळ्यांनी दणाणला. उत्तमरावांनी ते पाहिलं आणि त्यांची मान ताठ झाली. नारायण खाली बसला आणि मी खुर्चीत, हे उद्याच्या पेपरात? त्यांनी काठी लांब फेकून दिली. “धर बे कडूबा मले.”

कडूबानं त्यांना काखेत धरलं, दुसरीकडून चिंतामणनं धरलं, आणि भाऊसाहेब कण्हत, शिव्या घालत, उजवा पाय काठीसारखा समोर ताठ ठेवून एकदाचे सतरंजीवर टेकले. नेमके नारायणरावांच्या शेजारी, कारण दुसरी जागाच नव्हती. दहा वर्षांत हे दोघं कडूबानं खुर्च्या मापून मांडल्याशिवाय एका उंचीवर बसले नव्हते. लोकांनी असा कल्लोळ केला की झाडावरचे कावळे उडाले. भाजीवाल्या मेथीच्या जुड्या उडवू लागल्या. कडूबाही सतरंजीच्या कडेला बसला.

पण खुर्ची अजून अंगणाच्या मधोमध होती आणि साहेब अजून व्हरांड्यात होते.

“कडूबा,” साहेब म्हणाले, “खुर्ची आत आण.”

कल्लोळ थांबला. सगळ्यांच्या नजरा कडूबावर. खरी परीक्षा ही होती. पुढारी बसले ते त्यांच्या निवडणुकीसाठी बसले. आता कडूबानं बसून राहायचं होतं.

“कडूबा, मी तुझ्याशी बोलतोय.”

त्याच्या पायाची बोटं सतरंजीवर वळवळली. साहेबाची हाक ऐकून बसून राहायचं हे त्याच्या अंगाला माहीतच नव्हतं. शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. चिंतामण होता. त्यानं चष्मा चढवला, कडूबाच्या मांडीवर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. “बस,” तो पुटपुटला. “मीही बसलोय.”

“कडूबा.” तिसरी हाक.

कडूबानं डोळे मिटून घेतले. पण उठला नाही.

साहेबांनी तिजोरीवरच्या पोलिसाकडं पाहिलं. पोलीस ताठ होऊन म्हणाला, “साहेब, माझी ड्यूटी कुलपावर आहे. कुलूप सोडता येत नाही.” नायबसाहेब फोनच्या खोलीत कॉल लागायची वाट पाहत होते. आणि सरकारी सामान उघड्या अंगणात, पाचशे माणसांत. कुणी त्याला हात लावत नव्हतं, हसत नव्हतं, नुसतं पाहत होतं. तेवढ्यात बाजारातून सुटलेली एक शेळी तुरुतुरु आली, तिनं खुर्चीचा वेत हुंगला, तो बरा वाटला असावा, आणि पुढचे दोन पाय बैठकीवर टाकून ती खुर्चीच्या हातावरचा कातडी पट्टा चघळू लागली.

आता मात्र साहेबांना उतरावंच लागलं. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. अंगण ओलांडून ते आले, त्यांनी शेळीला हाकललं, खुर्चीचे हात धरले आणि उचलायला गेले. सागवानी खुर्ची. ती अशी समोरून उचलली की पाय गुडघ्यावर आदळतात. आदळले. साहेब कळवळले, पुन्हा धरली, चार पावलं फरफटत नेली. कडूबाच्यानं ते पाहवेना. त्यानं जीभ चावली, पण राहवलं नाही.

“साहेब,” तो बसल्या जागेवरून म्हणाला, “उलटी करून डोक्यावर घ्या जी. तशी पायऱ्यायत अडकते ते.”

साहेबांनी वळून पाहिलं. चेहरा लालबुंद. वाटलं आता भडकतात. पण ते भडकले नाहीत. त्यांनी खुर्ची उलटी केली, दोन्ही हातांनी तोलून डोक्यावर घेतली आणि ते चालू लागले. एकदा झोकांडी गेली, सावरले. तीन पायऱ्या चढले. व्हरांड्यात आतून नायबसाहेब धावत आले, “साहेब, कॉल लागलाय. एक रुजू म्हणून सांगू ना?”

डोक्यावर खुर्ची घेतलेला तहसीलदार दारात थांबला. सगळं अंगण कान देऊन ऐकत होतं.

“चपराशी हजर असता तर ही माझ्या डोक्यावर असती का?” साहेब म्हणाले. “खोडा ते. शून्य सांगा.”

आतून नायबसाहेबांचा ओरडा ऐकू आला आणि मांडवातले सहाच्या सहा चपराशी ताडकन उठून उभे राहिले. कडूबा मात्र उठला नाही. साहेब अजून दारात उभे होते आणि तो, उभ्या नोकरीत पहिल्यांदाच, त्यांच्यासमोर पाय लांब करून बसला.